प्रश्न परत कसा येणार? लांबून शिकवायच्या साधनांबद्दल थोडं सविस्तर

बुधवारी रात्री बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. व्हॉइस नोट होती. सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला काम करणारे आमचे एक विद्यार्थी आहेत, वय बेचाळीस, माझ्यापेक्षा मोठेच, म्हणून मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला मॅडम. सेकंड शिफ्ट सुटली होती, कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून बोलत होते, मागे गाड्या चालू होतायत, कोणीतरी "चल ना भाऊ" म्हणून ओरडतंय, आणि त्यात यांचा प्रश्न, "मॅडम, ते प्रमाण विचलनात वर्ग कशाला करायचा? सरासरीतून आकडा वजा केला, जे आलं त्याची सरळ बेरीज करून भागून टाकलं तर काय बिघडतं? उशीर झाला, सॉरी, सकाळी सांगा."

आता गंमत अशी की हाच टॉपिक, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजणं (वर्ग म्हणजे आकड्याला त्यानेच गुणणं), मी रविवारी गुगल मीटवर पूर्ण एक तास घेतला होता. तेवीस जण होते, हे दादाही होते, कॅमेरा बंद. मी तीनदा विचारलं "समजलं का?" त्यावर दोन अंगठे आले आणि एक "यस मॅडम". मला वाटलं चला, झालं. आणि तीन दिवसांनी रात्री बाराला कळतंय की मुळातला, सगळ्यात भारी प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

सकाळी चहा घेताना एका पाठकोऱ्या कागदावर लिहून फोटो पाठवला. तुमच्याच प्रेसचं समजा, पाच दिवसांचं प्रॉडक्शन ४०, ४४, ३८, ४२, ३६. बेरीज २००, सरासरी ४०. आता प्रत्येकातून ४० वजा करा, ०, ४, उणे २, २, उणे ४. याची बेरीज तुम्हीच करा आणि मला सांगा. एवढंच. उत्तर मुद्दाम दिलं नाही. शुक्रवारी उत्तर आलं, "शून्य येतंय मॅडम. दुसरे आकडे घेऊन बघितले तरी शून्यच. मग वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून वर्ग, बरोबर ना?"

बरोबर. पुस्तकात हेच अर्ध्या पानात लिहिलंय, माझ्या मीटमध्येही मी हे बोललेच होते, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं ते या तीन दिवस चाललेल्या चार मेसेजांमधून. मी आठवडाभर कॉलेजात शिकवते आणि रविवारी एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं घेते, म्हणजे बाहेरून शिकणाऱ्यांचे वर्ग. गेल्या काही वर्षांत मला "मॅडम लांबून शिकवायला कोणतं ॲप चांगलं?" असं इतक्या शिक्षकांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. कारण प्रश्नच जरा चुकतोय. ॲप कोणतं हा नंतरचा भाग, आधी बघायचं की तिकडून प्रश्न परत यायला वाट आहे का, आणि असली तर ती किती रुंद आहे.

आधी "लांब" म्हणजे काय ते. मायकेल मूर नावाचे अमेरिकेतले अभ्यासक आहेत, १९७० च्या दशकापासून त्यांनी यावर काम केलं, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, ते शिकवणारा आणि शिकणारा यांच्या समजुतीतलं अंतर आहे. ते कमी-जास्त होतं तीन गोष्टींनी, दोघांत संवाद किती होतो, अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे म्हणजे मध्ये थांबायला, वळायला जागा आहे की नाही, आणि शिकणारा स्वतःच्या पायावर किती उभा आहे. म्हणजे बघा, दीडशे पोरांच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसून कधीच तोंड न उघडलेला मुलगा या हिशोबाने लांब आहे, आणि सुरगाण्याच्या पाड्यावरून रोज एक प्रश्न पाठवणारी ताई जवळ आहे. मला हे वाचलं तेव्हा एकदम पटलं कारण माझ्या कॉलेजच्या वर्गात अशी "लांबची" मुलं भरपूर आहेत, रोज समोर बसतात.

याच मूरनी १९८९ मध्ये अजून एक सोपी विभागणी केली. शिकणाऱ्याचं बोलणं तीन ठिकाणी चालतं, पुस्तकाशी, शिक्षकाशी आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांशी. हे तीन डोक्यात ठेवले की कुठलंही साधन हातात आलं तरी विचारता येतं, बाबा तू यातलं काय करून देतोस? यूट्यूबवरचं लेक्चर पहिलं करून देतं. फोन दुसरं. व्हॉट्सॲप ग्रुप तिसरं करू शकतो, पण करतोच असं नाही, त्याच्यावर पुढे येते.

आमच्या नाशिकात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे हे सगळ्यांना माहीतच असतं, १ जुलै १९८९ ला स्थापन झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले, गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला त्याचा परिसर. त्याचं ब्रीदवाक्य "ज्ञानगंगा घरोघरी". आता नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की रामकुंडाकडे चालला हे समजून घ्यायचं, त्यामुळे हे वाक्य आम्हाला जरा जास्तच घरचं वाटतं. पण गंगा एकाच दिशेला वाहते ना. घरोघरी पाणी पोचवायला पाइप टाकता येतो, पण घरातून "पाणी गढूळ येतंय हो" हे उलट सांगायची सोय वेगळी करावी लागते. दूरशिक्षणाचा सगळा इतिहास म्हणजे ही उलटी सोय कशी कशी केली त्याचाच आहे.

सुरुवात टपालापासून. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एक पेनीत देशात कुठेही पत्र जायला लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. धडा जायचा, विद्यार्थी उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून परत पाठवायचे, तो तपासून पुन्हा त्यांच्याकडे. म्हणजे पहिल्याच खेपेला परतीची वाट होती! हळू होती, पण होती. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले तेही याच धर्तीवर.

मग रेडिओ-टीव्ही आले आणि पाणी एकदम धो धो वाहायला लागलं, पण परतीची वाट गेली. १९७५-७६ मध्ये भारताने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम दाखवले, साइट म्हणतात त्या प्रयोगाला. केवढी मोठी गोष्ट, ज्या गावांनी टीव्ही बघितलाच नव्हता तिथे थेट उपग्रहावरून चित्र. पण गावातल्या माणसाला टीव्हीतल्या माणसाला काही विचारायचं असेल तर? नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे, माझे वडील मन लावून बघायचे, मध्येच टीव्हीकडे बघून "अहो पण असं का?" असं मोठ्याने विचारायचे आणि आम्ही हसायचो. आता वाटतं ते बरोबरच करत होते, उत्तर देणारं पलीकडे कोणी नव्हतं इतकंच.

ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं, शिकवणं सुरू झालं १९७१ ला, त्यांचे बीबीसीवरचे कार्यक्रम जगभर गाजले. पण त्यांचा खरा कणा टीव्ही नव्हताच. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर आणि तो गृहपाठ तपासून त्यावर लिहून पाठवणार, हा होता. नाव टीव्हीचं झालं, काम टपालाने केलं.

रेडिओवरही परतीची वाट करता येते हे ऑस्ट्रेलियाने दाखवलं आणि ही मला या सगळ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे. तिथल्या मधल्या वाळवंटात घरं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसाने १९२९ च्या सुमारास पायाने पॅडल मारून वीज तयार करायची आणि दोन्हीकडून बोलायचं असा रेडिओ बनवला, तो आधी विमानाने येणाऱ्या डॉक्टरांना बोलवायला वापरायचे. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला याच रेडिओच्या जाळ्यावर शाळा सुरू झाली, स्कूल ऑफ द एअर. मुलं घरी रेडिओसमोर बसायची, बाई हजेरी घ्यायच्या, मुलं उत्तरं द्यायची, आणि बाकीची सगळी मुलं ती उत्तरं ऐकायची. मूरचे ते दुसरं आणि तिसरं दोन्ही, एका रेडिओवर.

आपल्याकडे २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट उडाला, खास शिक्षणासाठीचा उपग्रह. तो उडायच्या आधी इन्सॅट-३बी वर चाचणी झाली त्यात आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ होतं, बरोबर कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या आणि मध्य प्रदेशातलं राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ. यात साधारण रचना अशी असायची की स्टुडिओतून चित्र आणि आवाज जाणार, केंद्रावरून बहुतेक वेळा नुसता आवाज परत येणार. आता इथे एक भौतिकशास्त्राची अडचण आहे ती समजून घ्या कारण ती आजच्या मीटलाही वेगळ्या रूपात लागू आहे. असे उपग्रह विषुववृत्तावर साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटर. रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते, म्हणजे नुसतं पोचायलाच पाव सेकंद. तुम्ही विचारलं, तिकडे पाव सेकंदाने पोचलं, त्याने लगेच उत्तर दिलं तरी तुमच्यापर्यंत यायला अजून पाव सेकंद. अर्धा सेकंद शांतता. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बोलताना माणूस इतका उतावळा असतो की अर्ध्या सेकंदात त्याला वाटतं समोरच्याला कळलं नाही, आणि तो पुन्हा बोलायला लागतो, तेवढ्यात तिकडचं उत्तर येऊन आदळतं, मग दोघं "हां बोला बोला" "नाही नाही तुम्ही बोला".

ओळखीचं वाटतंय ना? मीटवर रोज हेच होतं. तिथे उपग्रह नसतो, पण आवाज कापून, छोट्या पाकिटांत भरून, कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरून येतो, मोबाइलची रेंज कमी असेल तर अजून उशीर. टेलिफोनवाल्यांचा आंतरराष्ट्रीय हिशोब असा आहे की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर माणसांना फारसं जाणवत नाही, ४०० च्या वर गेला की बोलणं अवघड. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात काय होत असेल ते तुम्हीच विचार करा.

आणि या तांत्रिक उशिराच्या वर शिक्षकाची घाई. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गातली संभाषणं रेकॉर्ड करून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक स्वतःच बोलायला लागतो. तीनेक सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. हे समोरासमोरच्या वर्गातलं आहे हां. मीटवर त्यात आवाजाचा उशीर, म्यूट काढायला लागणारा वेळ आणि "आपण बोललो तर सगळे ऐकतील" ही धाकधूक मिळवली तर तीन सेकंदांनी काही होत नाही. मी आता समोर पाण्याचा ग्लास ठेवते. प्रश्न विचारला की दोन घोट पाणी प्यायचं, सावकाश. सुरुवातीला ती शांतता इतकी खायला उठायची की बास.

"समजलं का?" हा प्रश्नही मी बंद केलाय. त्याला "हो" सोडून उत्तरच नसतं, नाही म्हणायला हिंमत लागते. त्याऐवजी एक छोटं गणित देते आणि सांगते, उत्तर चॅटमध्ये टाइप करा पण मी सांगेपर्यंत एन्टर दाबू नका. मग एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळी उत्तरं धपाधप एकदम पडतात. कोणी कोणाचं बघून लिहीत नाही. तेवीसपैकी नऊ जणांचं चुकलंय हे मला पाच सेकंदांत दिसतं, आणि ज्याचं चुकलंय त्यालाही दिसतं की आपण एकटे नाही, अजून आठ जणांचं चुकलंय. याला कुठलं वेगळं ॲप लागत नाही.

आता या क्षेत्रातले दोन जड शब्द आहेत ते इथेच उरकून घेते, सिंक्रोनस आणि असिंक्रोनस. पहिलं म्हणजे दोघंही त्याच वेळी हजर, फोन, मीट, झूम, संपर्कसत्र. दुसरं म्हणजे आपापल्या वेळी, पत्र, ईमेल, व्हॉइस नोट, रेकॉर्डिंग, चर्चामंच. लोकांना वाटतं लाइव्ह म्हणजे चांगलं आणि रेकॉर्डेड म्हणजे दुय्यम, शिळं. मला पूर्वी तसंच वाटायचं. पण लाइव्हची एक किंमत असते, ती म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी मोकळं असणं, आणि बाहेरून शिकणारे लोक बाहेरून शिकतात ते मोकळे नसतात म्हणूनच. दादांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. निफाडकडचे दोघं आहेत ते ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी सुरू झाली की दिसत नाहीत आणि फेब्रुवारी-मार्चला माल काढायच्या वेळी तर विचारूच नका. काही ताई आहेत ज्यांच्या घरात फोन एक आणि तो रात्री नवरा आल्यावर मिळतो. मी रविवारी सकाळी अकराला लाइव्ह घेतलं म्हणजे मी यांच्यातल्या निम्म्यांना सांगितलं की तुम्ही नाही आलात तरी चालेल.

शिवाय डेटा. हिशोब सोपा आहे. व्हिडिओला सेकंदाला साधारण १ मेगाबिट लागतो असं धरलं तर तासाला ३,६०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ४५० एमबी. नुसता आवाज ३२ किलोबिटमध्ये नीट जातो, तासाला पंधराएक एमबी. तीसपट फरक! रोजचा दीड जीबीचा पॅक आणि त्यात घरातली दोन पोरं असतील तर माझा चेहरा तासभर बघायला ४५० एमबी घालवण्याइतका काही तो भारी नाही. म्हणून मी पहिली दोन मिनिटं कॅमेरा लावते, नमस्कार-चमत्कार, नंतर बंद, आणि ज्याची गरज आहे ते म्हणजे आकडेमोड तेवढीच स्क्रीनवर. रेकॉर्डिंगही आता अख्ख्या तासाचं टाकत नाही, एकेक मुद्द्याचे सहा-सात मिनिटांचे ऑडिओ आणि बरोबर एक पान.

पण लाइव्हला एक गोष्ट जमते जी दुसऱ्याला जमत नाही. नवीन बॅच आली की पहिल्या दोन भेटी लाइव्हच हव्यात, जमलं तर समोरासमोरच हव्यात. एकदा आवाज ऐकला, कोणीतरी हसलं, कोणाची तरी म्हैस मध्येच ओरडली, की मग नंतर मेसेज करायला संकोच कमी होतो. ब्रिटनच्या गिली सॅल्मन यांनी ऑनलाइन शिकवण्याच्या पाच पायऱ्या मांडल्यात त्यात पहिली आत शिरता येणं आणि दुसरी एकमेकांची ओळख होणं, माहितीची देवाणघेवाण तिसरी आणि खरा अभ्यास त्याच्याही वर. आपण बहुतेक जण लिंक टाकतो आणि थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो, मग म्हणतो मुलं बोलतच नाहीत.

आता व्हॉट्सॲप. सगळे तिथे आहेत, नवीन काही शिकवावं लागत नाही, एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात, आवाज फोटो फाइल सगळं जातं, म्हणून ते वापरावंच लागतं, त्यात वाद नाही. पण एक सेटिंग आहे ते बघितलं की मला राग येतो, "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील". मला माहितीये का करतात, गुड मॉर्निंगची फुलं आणि निवडणुकीचे व्हिडिओ येतात. पण हे बटण दाबलं त्या क्षणी तुमच्या हातातल्या दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या यंत्राचा तुम्ही १९७५ चा टीव्ही केला. सूचनांना असा ग्रुप ठीक आहे, हॉल तिकीट, फॉर्मची शेवटची तारीख वगैरे. प्रश्नांना वेगळा ग्रुप करा, छोटा, वीस-पंचवीसचा. तीनशेच्या ग्रुपात कोणी मूर्ख दिसायचा धोका पत्करत नाही.

प्रश्नांच्या ग्रुपात मला जे उपयोगी पडलं ते सांगते. उत्तर देताना त्या मेसेजला स्वाइप करून रिप्लाय द्यायचा, नाहीतर चाळीस मेसेजांनंतर कुठलं उत्तर कशाला ते कोणालाच कळत नाही. व्हॉइस नोट दीड मिनिटाच्या आत, सुरुवातीला मुद्दा बोलायचा. मी लगेच उत्तर देत नाही, हे आळसाने नाही हं, चोवीस तास थांबते आणि तेवढ्यात कोणीतरी दुसरा देतो का बघते. पहिल्यांदा एका ताईंनी दादांना उत्तर दिलं तेव्हा ते माझ्यापेक्षा बरं होतं, कारण त्यांना स्वतःला कुठे अडलं होतं ते ताजं आठवत होतं. उत्तर चुकलं तर मात्र मी त्याच दिवशी मध्ये पडते. आणि मी रात्री दहानंतर उत्तर देणार नाही हे आधीच सांगून ठेवलंय, त्यांनी प्रश्न कधीही पाठवावा.

एक भानगड मात्र लिहायलाच पाहिजे. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मागे एका बॅचला मी काही विचार न करता सगळ्यांना एकत्र टाकलं आणि महिनाभराने एक ताई गुपचूप लेफ्ट झाल्या. विचारलं तर आधी "नेट नसतं" म्हणाल्या, नंतर फोनवर सांगितलं की ग्रुपातलाच एक जण रात्री मेसेज करतो, घरी कळलं तर शिक्षणच बंद होईल. त्याला काढला, समज दिली, पण त्या ताई परत ग्रुपात आल्या नाहीत, त्यांना मी वेगळं पाठवत राहिले. तेव्हापासून आधी विचारते, नंबर दिसलेला चालेल का. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतल्या सूचना-ग्रुपातही बाकीच्या सदस्यांना नंबर दिसत नाहीत. साधनाची निवड म्हणजे कधी कधी एवढीच गोष्ट असते.

मूडलबद्दल थोडं, म्हणजे धडे, गृहपाठ, चर्चा सगळं एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर, कारण मोठ्या संस्था बहुतेक तेच वापरतात आणि शिक्षक त्याला फाइल टाकायचं गोडाऊन समजतात. मूडल फुकट आहे, मुक्त स्रोत, २००२ मध्ये मार्टिन डुगियामस यांनी आणलं. आणि हा माणूस कोण, तर लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रेडिओवरून शिकलेला, त्याच स्कूल ऑफ द एअरवाला! मला हे कळलं तेव्हा मूडलमध्ये चर्चेच्या सोयी इतक्या का आहेत ते समजलं. त्यातला एक प्रकार फार थोडे लोक वापरतात, प्रश्नोत्तर मंच. यात शिक्षक प्रश्न टाकतो आणि विद्यार्थ्याने स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय त्याला दुसऱ्यांची उत्तरं दिसतच नाहीत. वर टाकल्यावर अर्धा तास तुम्ही उत्तर बदलू शकता, आणि तो अर्धा तास जाईपर्यंतही दुसऱ्यांचं दिसत नाही, म्हणजे "काहीतरी टाकतो, बघतो, मग बदलतो" ही युक्ती चालत नाही. कोणीतरी मुलांना ओळखणाऱ्या माणसानेच हे बनवलंय. मूडलचं मोबाइल ॲप आहे, त्यात धडे आधी डाउनलोड करून नंतर नेटशिवाय वाचता येतात, रेंज नसलेल्यांना हे फार कामाचं. पासवर्ड विसरणं ही मात्र मूडलची कायमची साडेसाती आहे, दर सत्राला माझे पहिले पंधरा दिवस त्यातच जातात.

सगळ्यात दुर्लक्षित साधन सांगू? गृहपाठावरचा शेरा. बऱ्याच विद्यार्थ्यांना अख्ख्या वर्षात शिक्षकाने व्यक्तिशः त्यांना उद्देशून लिहिलेली तेवढीच एक ओळ असते, आणि आपण तिथे "ठीक", "अक्षर सुधारा", किंवा नुसती टिक करून सही ठोकतो. बर्जे होल्मबर्ग नावाचे स्वीडिश अभ्यासक म्हणायचे की दूरशिक्षणाचं साहित्य म्हणजे वाटाड्या बरोबर असलेल्या गप्पा वाटल्या पाहिजेत, पुस्तकसुद्धा. चांगल्या स्वयंअध्ययनाच्या पुस्तकात म्हणूनच मध्ये मध्ये चौकटी असतात, "आता थांबा आणि तुमच्या घरच्या खर्चाचं उदाहरण घेऊन करून बघा", पुस्तक एकटंच दोन्ही बाजूंचं बोलतं. शेऱ्यात तर खरा माणूस पलीकडे आहे. मी आता प्रत्येक गृहपाठावर एक बरोबर जागा दाखवते आणि एक प्रश्न लिहिते, "इथे मध्यक (ओळीने लावल्यावर मधला आकडा) का घेतला, सरासरी का नाही?" तीस वह्यांना तीन तास जास्त लागतात, त्याचे पैसे कोणी देत नाही, तक्रार म्हणून नाही, हिशोब म्हणून सांगतेय. पण त्यातले दहा-बारा जण त्या प्रश्नाचं उत्तर पाठवतात, कोणी न मागता.

मागच्या वर्षी एका गोष्टीने माझी चांगली जिरली. मी हौसेने कागदाचे फोटो पाठवत होते, सगळे खूश, आणि एक मुलगा सहा आठवडे एकदम गप्प. त्याला दिसत नाही हे मला फॉर्मवर वाचूनही लक्षात राहिलं नव्हतं. त्याच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाइप केलेलं मराठी छान वाचतं, माझ्या अक्षराच्या फोटोवर मात्र "इमेज" एवढंच म्हणतं. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. आता फोटोखाली दोन ओळी टाइप करते किंवा तेच बोलून पाठवते, आणि झालं असं की त्या बोललेल्या नोट्स भाजी निवडताना ऐकणाऱ्या ताईंनाच जास्त आवडल्या.

हल्ली बरेच जण प्रश्न एआयला विचारतात, मीही विचारते, पाठ्यपुस्तकी शंकांना पटकन बरी उत्तरं मिळतात, कधी कधी ठामपणे चुकीचीही. माझी अडचण वेगळी आहे. दादांनी तो वर्गाचा प्रश्न मशीनला विचारला असता तर त्यांना उत्तर मिळालं असतं, पण माझं रविवारचं शिकवणं कुठे फसलं ते मला कळलंच नसतं आणि पुढच्या बॅचलाही मी तसंच शिकवलं असतं. म्हणून मी सांगते, खुशाल विचारा, फक्त काय विचारलंत तो प्रश्न मलाही टाका.

सुरगाण्याच्या त्या ताईंचं सांगायचं राहिलं. घरात रेंज नाही, संध्याकाळी पाणी भरून झालं की टेकडीवर जातात, तिथे दोन काड्या येतात. त्या दहा मिनिटांत त्यांचे कालचे प्रश्न माझ्याकडे येतात आणि माझे ऑडिओ त्यांच्याकडे उतरतात, घरी जाऊन ऐकतात, पुढचे प्रश्न लिहून ठेवतात, उद्या पुन्हा टेकडी. पत्राचाच वेग म्हणा ना. मीटला त्या आजपर्यंत एकदाही आलेल्या नाहीत आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचे असतात, परवाचा होता की पाऊस मोजायला सरासरी का वापरतात, एकाच दिवशी सगळा पडला तर सरासरीला काय कळणार.

हा प्रश्न मी ग्रुपात टाकलाय, चोवीस तास अजून व्हायचेत. दादांची या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, दुपारी साडेतीनला सुटतील, निफाडवाल्यांचं एक उत्तर आलंय, अर्धं बरोबर आहे.